मावळतीचा सूर्य आणि डोळ्यांतला पडदा

लढाईला उभे राहताना सूर्य आपल्या पाठीशी असावा, हा सल्ला फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्याची मांडणी सांगताना सूर्य पाठीमागे आणि वारा अनुकूल असावा, असे म्हटले आहे. रोमन लेखक व्हेजेशियस यानेही सेनापतीने आधी ऊन, धूळ आणि वारा यांचा विचार करावा, असे लिहून ठेवले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने हवाई लढतीचे काही नियम लिहून काढले. त्यांतल्या पहिल्याच नियमात हल्ला करताना शक्यतो सूर्य पाठीशी ठेवा, असे सांगितले आहे. शतकांच्या अंतराने आणि एकमेकांची ओळखदेख नसताना तिघांनी एकच गोष्ट सांगितली. तिचे कारण उघड आहे. सूर्याकडे तोंड करून असलेल्याला समोरचे नीट दिसत नाही. सूर्य ज्याच्या पाठीशी असतो त्याला सगळे दिसते, आणि तो मात्र दिसत नाही.

आता हीच मांडणी रस्त्यावर आणून पाहू. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मोटारसायकलवरून पूर्वेकडे घरी निघालेले गुरुजी बोल्केच्या नियमाप्रमाणेच चाललेले असतात. ऊन पाठीवर असते, रस्ता लख्ख दिसत असतो, झाडे-घरे सोनेरी झालेली असतात. समोरून येणाऱ्या ट्रकचालकाला मात्र ते जवळपास दिसत नाहीत. वैमानिक जे डावपेच म्हणून करत होता, ते येथे नकळत घडते. आणि येथे न दिसण्यात फायदा नसून जिवाला धोका आहे.

तिरप्या उन्हातल्या वाहनचालनाबद्दल बोलताना आपण बहुधा स्वतःच्या डोळ्यांचाच विचार करतो. तो करायला हवाच. पण तेवढा पुरत नाही. समोरच्याचे डोळे दिपतात म्हणजे त्याच्या डोळ्यांत नेमके काय होते, हे कळायला १९२०चे दशक उजाडावे लागले. त्याआधी माणसाने या तापावर जे उपाय शोधले, त्यांतले काही अचूक होते आणि काही चुकीच्या दिशेने गेले. ती हकीकत विज्ञान शिकवणाऱ्याच्या उपयोगाची आहे, म्हणून येथे सांगत आहोत.

सर्वांत जुना उपाय काळ्या काचेचा नव्हे, आडोशाचा. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणारे इन्युइट लोक हाडाचे, हस्तिदंताचे किंवा लाकडाचे चष्मे करीत. त्यांत काच नसेच, डोळ्यांसमोर फक्त एक आडवी अरुंद फट असे. वरून आकाशाचा आणि खालून बर्फाचा येणारा प्रकाश अडायचा आणि समोरचे तेवढे दिसायचे. आपल्याकडे शेतकरी कपाळावर हाताची ओंजळ आडवी धरून दूरवर पाहतो, तेही हेच तत्त्व. आगंतुक प्रकाश अडवायचा, पाहायच्या वस्तूचा प्रकाश मात्र कमी करायचा नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

काचेची गोष्ट सुरू होते ती पॅरिसमध्ये, १८०८ साली, आणि योगायोगाने तीही मावळत्या सूर्यापासूनच. एतियेन-लुई मालुस हा फ्रेंच सैन्यातला अभियंता. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत तो होता. तेथून तो आजार घेऊन परतला आणि १८१२ साली वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी वारला. आइसलँड स्पार नावाच्या स्फटिकातून पाहिले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे १६६९ साली डेन्मार्कच्या बार्थोलिनने नोंदवले होते. मालुस त्याच कोड्यावर विचार करीत होता. एका संध्याकाळी त्याने तो स्फटिक डोळ्यापुढे धरून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहिले. खिडक्यांच्या काचांवर मावळता सूर्य चमकत होता. दोन प्रतिमा सारख्याच तेजस्वी दिसायला हव्या होत्या. पण स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंद होत गेली, आणखी फिरवला तेव्हा दुसरी. सूर्य मावळल्यावरही त्याने पाठपुरावा सोडला नाही. मेणबत्तीचा प्रकाश पाण्यावरून आणि काचेवरून परावर्तित करून त्याने तीच गोष्ट पुन्हा पाहिली, असे सांगतात. परावर्तित झालेला प्रकाश सूर्यापासून थेट आलेल्या प्रकाशासारखा उरत नाही. त्याच्या कंपनांना ठरावीक दिशा मिळते. यालाच आपण प्रकाशाचे ध्रुवण म्हणतो.

१८१५ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने या घटनेचा नियम बांधला. प्रत्येक पदार्थासाठी एक विशिष्ट आपतन कोन असा असतो की त्या कोनातून परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित होतो, आणि त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे त्या पदार्थाचा अपवर्तनांक. पाण्यासाठी हा कोन सुमारे ५३ अंश, साध्या काचेसाठी सुमारे ५६ अंश येतो. (हा कोन पृष्ठभागाशी नव्हे, लंबाशी मोजायचा. येथे विद्यार्थी हमखास घसरतात.)

पुढचा टप्पा मजेदार आहे. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या शिष्याने, क्विनीन पाजलेल्या एका कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकून पाहिले. हे त्याला का सुचले कोण जाणे. त्यात बारीक हिरवट स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जेथे दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे पडले होते, तेथे काळोख दिसत होता. हे स्फटिक प्रकाशाचे ध्रुवण करतात, हे हेरापाथने ओळखले आणि १८५२ साली प्रसिद्ध केले. शोभादर्शकाचा शोध लावणाऱ्या ब्रूस्टरने त्यांचा उल्लेख आपल्या शोभादर्शकावरील पुस्तकात केला. स्फटिक मात्र इतके नाजूक होते की मोठा तुकडा काही कुणाला करता येईना.

ते पुस्तक पुढे अमेरिकेत एडविन लँड या मुलाच्या हाती पडले. १९२६ साली तो हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता, वय १७. रात्री रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्यावर ध्रुवणाने उपाय करावा, असे त्याच्या मनाने घेतले आणि शिक्षण अर्धवट टाकून तो न्यूयॉर्कला गेला. मोठा स्फटिक करण्याचा नाद त्याने सोडून दिला. त्याऐवजी असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रांगेत लावून ते प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात बसवायचे, ही त्याची युक्ती. १९२९ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला. १९३७ साली पोलरॉइड कंपनी स्थापन झाली. १९३८ साली त्याने स्फटिकही सोडले आणि ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात आयोडीन शोषवून ध्रुवक तयार केला. ध्रुवक गॉगलमध्ये आजही मुख्यतः हेच तत्त्व आहे.

लँडचे मूळ स्वप्न मात्र फसले. प्रत्येक मोटारीच्या दिव्यांवर ४५ अंशात कललेला ध्रुवक आणि चालकासमोर त्याच दिशेचा ध्रुवक बसवला, तर समोरून येणारा प्रकाश उलट्या बाजूने कललेला असल्याने अडेल, स्वतःच्या दिव्यांचा मात्र दिसेल. कल्पना सुंदर होती. पण ध्रुवकात निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जातो, म्हणून दिवे अधिक प्रखर हवेत. शिवाय सर्व वाहनांनी एकदमच ते बसवायला हवेत, कारण पहिल्या ग्राहकाला काहीच लाभ नाही. मोटार कंपन्यांनी ते कधीच स्वीकारले नाही. लोकांच्या हाती उरला तो गॉगल.

आता प्रश्न असा, की हा गॉगल मावळतीच्या उन्हात मोटारसायकलस्वाराच्या उपयोगाचा किती? जाहिरातीत रस्त्यावरची चकाकी क्षणात नाहीशी झालेली दाखवतात. थोडा हिशोब करून पाहू. थेट सूर्यप्रकाश ध्रुवित नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे हा गॉगल म्हणजे नुसती काळी काच. राहिली ओल्या रस्त्यावरून परावर्तित होणारी चकाकी. पाण्याचा ब्रूस्टर कोन ५३ अंश, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर असताना गॉगल ही चकाकी जवळजवळ पूर्ण अडवील. त्या वेळी ऊन चांगलेच वर असते. सूर्य १० अंशांवर आला की आपतन कोन ८० अंश होतो आणि गॉगल या चकाकीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अडवतो. सूर्य ५ अंशांवर उतरला की हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही खाली येते. आणि त्या वेळी पाणी आरशासारखे चमकत असते! म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच ध्रुवक सर्वांत दुबळा. मालुसचे नशीब थोर म्हणायचे. त्याच्या खिडक्या उभ्या होत्या, त्यामुळे सूर्य खाली असूनही प्रकाश सोयीच्या कोनातून परावर्तित होऊ शकला. रस्ता आडवा असतो.

शिवाय दुचाकीवाल्याला रस्त्यावरची चमक काही वेळा हवीच असते. सांडलेल्या डिझेलचा तवंग किंवा ओला पट्टा तो चमकेवरूनच ओळखतो. गॉगल ती खूण पुसून टाकतो.

इतका वेळ आपण डोळ्यांबाहेरच्या प्रकाशाचा विचार केला. शंभर वर्षे शास्त्रज्ञांनीही मुख्यतः तोच केला. १९२०च्या दशकात शहरांत विजेचे दिवे आणि मोटारी एकदमच वाढल्या. रस्त्यावरचा दिवा किती उंच असावा, मोटारीच्या दिव्याने समोरचा चालक आंधळा होतो म्हणजे किती आंधळा होतो, असे व्यावहारिक प्रश्न उभे राहिले. १९२६ साली अमेरिकेत हॉलाडे यांनी आणि १९२९ साली इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या स्टाइल्स यांनी यावर मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांच्या प्रयोगांचा गाभा एकच होता. माणसाला अंधुक ठिपका दाखवायचा, शेजारी प्रखर दिवा ठेवायचा, दिवा जवळ-दूर सरकवायचा आणि ठिपका केव्हा दिसेनासा होतो ते नोंदवायचे.

त्यातून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. प्रखर दिव्याचा परिणाम असा होतो की जणू काही समोरच्या संपूर्ण दृश्यावर कुणीतरी एकसारख्या उजेडाचा पातळ पडदा टाकला आहे. हा पडदा बाहेर नसतो. डोळा म्हणजे काही निर्दोष काच नव्हे. पुढचे पारपटल, आतले भिंग आणि मागचा पडदा या सर्वांत थोडाथोडा प्रकाश विखुरतो आणि तो दृष्टिपटलावर सगळीकडे सांडतो. पडद्याची तेजस्विता काढायचे सूत्रही साधे आहे. डोळ्यावर पडणारे प्रदीपन लक्समध्ये घ्या, त्याला १० ने गुणा, आणि पाहण्याची दिशा व दिवा यांच्यामधला कोन अंशांत घेऊन त्याच्या वर्गाने भागा. उत्तर कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये येते. स्टाइल्स-हॉलाडे सूत्र म्हणून ते ओळखले जाते. फार लहान किंवा फार मोठ्या कोनांना ते लागू नाही, पण आपल्या कामाला पुरेसे आहे.

हे सूत्र मावळतीच्या रस्त्याला लावू. आकडे आम्ही सोयीसाठी गृहीत धरले आहेत, पण ते खऱ्या परिस्थितीपासून फार दूर नाहीत. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर आहे, चालक सरळ समोर पाहतो आहे आणि त्याच्या डोळ्यावर ५,००० लक्स प्रकाश पडतो आहे. १० गुणिले ५,००० भागिले २५, म्हणजे पडद्याची तेजस्विता २,०००. समोरच्या रस्त्याची तेजस्विता १०० मानू आणि त्यावरच्या मोटारसायकलस्वाराची २०. ही कमी धरली, कारण आपल्याकडे वळलेली त्याची बाजू उन्हात नाही, सावलीत आहे. पडदा नसता तर १०० च्या पार्श्वभूमीवर २० ची आकृती ठसठशीत दिसली असती. दोन्हींतला फरक ८० टक्के. आता दोन्हींत २,००० मिळवा. रस्ता २,१०० आणि माणूस २,०२०. फरक चार टक्क्यांहूनही कमी! माणूस जागेवरच आहे, पण तो दृश्यात विरघळून गेला.

या बेरजेतच काळ्या काचेचे कोडेही सुटते. निम्मा प्रकाश अडवणारा गॉगल लावला तर २,१०० चे १,०५० होतात आणि २,०२० चे १,०१०. फरक तेवढाच, चार टक्क्यांच्या आत. डोळ्यांना आराम वाटतो हे खरे, पण जे दिसत नव्हते ते दिसू लागत नाही. चकाकीमुळे होणारा त्रास आणि चकाकीमुळे होणारे आंधळेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॉगल पहिलीवर इलाज करतो, दुसरीवर नाही. आराम वाटल्यामुळे आपण वेग कमी करत नाही, हा त्याचा तोटाच म्हणायचा. उलट सूर्यापुढे तळहात धरला तर पडदा जवळजवळ सगळाच जातो आणि ८० टक्के फरक परत मिळतो. इन्युइटांची फट आणि शेतकऱ्याची ओंजळ हे विज्ञानाच्या दृष्टीने गॉगलपेक्षा सरस उपाय आहेत.

सूत्रातील कोनाचा वर्ग पाहून कोणी म्हणेल, सूर्य १० अंशांवर गेला की त्रास चौथाई झाला. तसे होत नाही. सूर्य जसा वर चढतो तसा त्याचा प्रकाशही प्रखर होतो, त्यामुळे पडदा सावकाशच ओसरतो. आपली खरी सुटका करतात त्या भुवया, टोपीची कड आणि हेल्मेटची वरची किनार. सूर्य त्यांच्या आड गेला की पडदा उठला.

वर्गात हे दाखवणे अवघड नाही. खोलीत थोडा अंधार करा. भिंतीवर फिकट पेन्सिलीने एक अक्षर काढा आणि त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, पाहणाऱ्याकडे तोंड करून टॉर्च लावा. तीन-चार मीटरवरून अक्षर दिसेनासे होईल. आता हात लांब करून अंगठ्याने फक्त टॉर्च झाका. अक्षर तत्काळ दिसू लागेल. ‘तत्काळ’ या शब्दावर मुलांचे लक्ष वेधावे. डोळे थकून दिसेनासे झाले असते, तर ते परत दिसायला वेळ लागला असता. प्रयोग टॉर्चनेच करावा. सूर्याकडे पाहून कोणताही प्रयोग मुलांना करू देऊ नये, गॉगल लावूनही नाही.

वयाचाही येथे संबंध आहे. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २००२ साली या सूत्रात वयाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. वयाला ७० ने भागून त्याचा चौथा घात घ्यायचा आणि तो १ मध्ये मिळवायचा. विशीत हा परिणाम नगण्य आहे. निवृत्तीच्या, म्हणजे ५८व्या वर्षी, पडदा जवळजवळ दीडपट होतो, आणि ७०व्या वर्षी दुप्पट. मोतीबिंदू असेल तर त्याहूनही अधिक. मुलगा म्हणतो, ‘बाबा, मला तर दिसतंय’, आणि वडिलांना दिसत नसते. दोघेही खरे बोलत असतात.

दुचाकीस्वाराच्या बाबतीत डोळ्यापुढे आणखी एक विखुरणारी वस्तू आली, ती म्हणजे हेल्मेटची काच. हेल्मेटचा इतिहास डोक्याच्या दुखापतींतून सुरू होतो. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध ब्रिटिश सेनाधिकारी मोटारसायकलच्या अपघातात जखमी होऊन वारले. त्यांच्या उपचारांत सहभागी असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटच्या गरजेवर निबंध लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचे केले. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात ते आले. संपूर्ण चेहरा झाकणारी, समोर पारदर्शक काच असलेली हेल्मेटे १९६०च्या दशकाच्या अखेरीस आली. ही ‘काच’ खरे तर प्लॅस्टिकची असते. आपल्या रस्त्यांवरची धूळ तिच्यावर बसते, आपण ती कोरड्या फडक्याने पुसतो आणि प्रत्येक पुसण्यात बारीक ओरखडे उठतात. दुपारी ते जाणवतही नाहीत. सूर्य समोर आला की प्रत्येक ओरखडा पेटून उठतो आणि डोळ्यांतल्या पडद्यापुढे दुसरा पडदा उभा राहतो. काच आधी पाण्याने भिजवून मग पुसावी, ओरखडे पडले की बदलावी. जुने स्वार काचेच्या वरच्या कडेला अपारदर्शक पट्टी चिकटवतात आणि सूर्य समोर आला की मान किंचित खाली घालून त्याला पट्टीआड करतात. खर्च नगण्य, आणि स्टाइल्स-हॉलाडे सूत्राला धरून! गडद काचेचे हेल्मेट मात्र संध्याकाळी घालू नये; सूर्य बुडाल्यावर तेच डोळ्यांवरचा अंधार होते.

येथवर स्वतःच्या डोळ्यांचे झाले. आता समोरच्याच्या डोळ्यांकडे वळू.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकल अपघातांचा अभ्यास केला. त्यांच्या पथकाने ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. १९८१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. मोटारसायकलचा जाण्याचा हक्क असताना तो आडवा आला होता. मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती, किंवा फार उशिरा दिसली होती. अशा अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत चकाकीने किंवा मध्ये आलेल्या वाहनांनी दृष्टी अडवली होती. आणि सावरायला मिळालेला वेळ? बहुतेकांना दोन सेकंदही मिळाले नव्हते. हा अहवाल अमेरिकेतला आणि जुना आहे, आपली रहदारी वेगळी आहे, हे मान्य. पण डोळा तोच आहे. समोरून मोटारसायकल येते ती अरुंद उभी रेघ असते, आणि त्या रेघेवर उजेडाचा पडदा पडला की ती प्रथम नाहीशी होते. ट्रक विरघळायला वेळ लागतो.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत आपोआप चालू राहतो. दिवसा दिवा असणे एरवी उपयोगी पडते. पण सूर्य आपल्या पाठीशी असताना त्याच्यावर फार विसंबू नये, असे आम्हांला वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने एक चमत्कारिक प्रयोग केला होता. विमानाच्या पुढच्या बाजूला दिवे लावून त्यांचा उजेड मागच्या आकाशाइतका ठेवला, तेव्हा सुमारे १२ मैलांवरून दिसणारे विमान सुमारे २ मैलांवर येईपर्यंत दिसले नाही. दिवा दाखवतो की लपवतो, ते पार्श्वभूमीवर अवलंबून असते.

सूर्य पाठीशी असताना आणखी एक घोटाळा होतो. पुढच्या वाहनांच्या लाल-पिवळ्या काचांवर आपल्या मागून ऊन पडते आणि ब्रेकचा दिवा किंवा इंडिकेटर लागला नसतानाही लागल्यासारखा दिसतो. खरोखर लागला तर कळत नाही. चौकातल्या सिग्नलच्या दिव्यांवर टोपीसारखी झडप असते ती यासाठीच.

मग स्वाराने ओळखावे कसे, की आपण आता कुणाला दिसत नाही? याचे साधन प्रत्येकाजवळ आहे, त्याची स्वतःची सावली. आपली सावली ज्या दिशेला पडते, त्या दिशेकडून आपल्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य असतो. सावली थेट पुढे, रस्त्यावर लांबच लांब पडली असेल, तर समोरून येऊन उजवीकडे वळू पाहणारा चालक आपल्याला पाहील असे धरून चालू नये. वेग आधीच कमी करावा, आणि तो वळणारच आहे असे समजून असावे. सावली थेट मागे पडत असेल, तर आपल्या डोळ्यांत सूर्य आहे; आणि मागून येणाऱ्याच्याही, हे विसरू नये. अशा वेळी एकदम ब्रेक दाबू नये. आधी हलकासा दाबून दिवा दाखवावा आणि सावकाश कडेला यावे.

सावलीची लांबीही बोलते. ती आपल्या उंचीच्या चौपट झाली की सूर्य क्षितिजापासून सुमारे १४ अंशांवर आलेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मार्च-सप्टेंबरात ताशी सुमारे १४ अंश खाली उतरतो, म्हणजे सूर्यास्ताला साधारण तास उरलेला असतो. डिसेंबरात त्याहून थोडा अधिक. लंडनमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य १५ अंशांच्या वर फारसा जात नाही, तेथे हा त्रास दिवसभर चालतो. आपल्याकडे तो सकाळ-संध्याकाळच्या एकेका तासात गोळा होतो. दुर्दैवाने शाळा भरण्या-सुटण्याची वेळ अनेकदा तीच असते.

कोणता रस्ता केव्हा वाईट, हेही आधी काढता येते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. पुण्याच्या अक्षांशावर जून आणि डिसेंबरात तो त्यापासून जास्तीत जास्त २५ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. याचा अर्थ, पूर्व-पश्चिम रेषेपासून २५ अंशांच्या आत असलेल्या प्रत्येक सरळ रस्त्याच्या टोकाशी वर्षातून कधी तरी सूर्य येऊन बसणारच. नकाशावर पुणे ते सोलापूर सरळ रेघ मारली तर ती पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे २४ अंश कललेली दिसते. रस्ता अर्थातच वळणे घेतो, पण एकूण दिशा ती. म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात पहाटे पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्याला सूर्य रस्त्याच्या टोकावरच उगवताना दिसणार, आणि त्याच वेळी सोलापूरहून येणारे दुचाकीस्वार त्याच्या पडद्यात हरवणार.

शाळेच्या फाटकासमोरच्या रस्त्याची दिशा होकायंत्राने मोजावी, महिन्यातून एकदा सूर्योदय आणि सूर्यास्ताची दिशा त्याच कागदावर काढावी, आणि वर्षाअखेर कोणत्या आठवड्यांत त्या रेषा रस्त्यावर येतात ते पाहावे. आठवी-नववीच्या मुलांना हे सहज जमते. तो कागद गावातल्या टेम्पोचालकांना आणि एस.टी.च्या चालकांना दाखवला, तर त्या आठवड्यांबद्दल त्यांच्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ निघेल.